कूलर चालू, वाडगं भरलेलं, तरी कुत्रा धापतोच: काय तपासायचं?

दर उन्हाळ्यात ही तक्रार ठरलेली. पंखा पाचावर आहे, कूलर भरून ठेवलाय, वाडग्यात गार पाणी आहे, आम्हाला तर छान वाटतंय, पण हा मात्र जीभ काढून नुसता ल्हा ल्हा करतोय. अंग ओलं केलं की तासभर बरा असतो, मग पुन्हा तेच. डॉक्टरांकडे न्यावं, तर तिथे एसीत बसल्यावर एकदम शहाण्यासारखा शांत.

घोळ आहे तो ‘आम्हाला तर छान वाटतंय’ या वाक्यात. खोली गार झाली की नाही हे आपण आपल्या कातडीवरून ठरवतो, आणि आपली कातडी घामावर चालते. कुत्र्याला उपयोगाचा घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांवर, आणि तेवढ्याने ते सगळं धूड गार होत नाही. त्याची सगळी भिस्त जिभेवर आणि तोंडा-नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर. तिथलं पाणी वाफ होऊन उडालं की खालून वाहणारं रक्त गार होतं. याशिवाय गार जमिनीला पोट टेकवून थोडी उष्णता सोडता येते, बस्स. म्हणून दरवेळी नवा उपाय करण्याआधी एवढंच शोधायचं, की यातली कुठली वाट बंद झालीय. बहुतेक घरांत ती आपणच बंद केलेली असते.

आधी ठरवा: नुसती धाप आहे की उष्माघात

निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे मुळातच आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे हात लावून ‘अंग तापलंय’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. ४१ अंशांच्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा व्हायला लागते. खरा आकडा गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतो. लवचिक टोकाचा डिजिटल थर्मामीटर घरात वेगळा ठेवा.

थर्मामीटर नसेल तर हिरड्या बघा. वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढुरकी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे जिभेचा रंग किंवा खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. रंग गुलाबी, हिरडी ओलसर, हाक मारल्यावर कान टवकारतोय, सावलीत पाच-दहा मिनिटांत धाप उतरतेय, असं असेल तर पुढचं सावकाश वाचा.

हिरड्या लालभडक किंवा उलट फिक्या-निळसर झाल्यात, बोटाला चिकट लागताहेत, लाळेच्या घट्ट तारा सुटताहेत, चालताना झोकांड्या जाताहेत, उलट्या-जुलाब सुरू झालेत, किंवा हाकेला उत्तरच नाही, तर वाचन थांबवा आणि पाणी ओतायला घ्या.

क्रम महत्त्वाचा: आधी गार करायचं, मग न्यायचं. दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर तापमान तसंच राहिलं तर नुकसान वाढतच जातं. सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पोट, काख, जांघा यांवर जास्त. केस नुसते वरवर भिजून उपयोग नाही. बोटांनी केस उलटे करून पाणी कातडीपर्यंत पोचवा. ओतत राहा आणि जोडीला पंखा लावा, नाहीतर वहीच्या पुठ्ठ्याने वारा घाला. तरुण, एरवी धडधाकट कुत्रा असेल आणि टब हाताशी असेल तर डोकं वर धरून त्याला मानेपर्यंत पाण्यात बसवलं तरी चालतं. म्हाताऱ्या, दम्याच्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला मात्र ओतलेलं पाणी आणि वारा एवढंच. शुद्धीवर असेल तर प्यायला पाणी पुढे ठेवा, पण तोंडात बळेच घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायची सवय मोडा. पाच मिनिटांत तो टॉवेल अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि वाफ अडवून धरतो. टॉवेल अंगाखाली ठीक, अंगावर नको. ‘बर्फाचं पाणी घातलं की शॉक बसतो’ हे ऐकून लोक पाणी कोमट करत बसतात, तेही नको. कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असं जे पाणी पटकन मिळेल ते चालतं. वेळ घालवणं हाच सगळ्यात मोठा धोका. तापमान ३९.५ च्या आसपास उतरलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरत जातं. थर्मामीटर नसेल तर श्वास संथ व्हायला लागला की थांबा.

दुसऱ्याने एव्हाना डॉक्टरांना फोन केलेला असावा. आणि इथेच बरेच जण चुकतात: कुत्रा उठून बसला, पाणी प्यायला, म्हणून दवाखान्याची फेरी रद्द. उष्माघाताने मूत्रपिंडांवर, यकृतावर आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवर होणारा परिणाम कधीकधी एक ते तीन दिवसांनी दिसतो. रक्ततपासणी करून घ्याच.

एक गोष्ट कधीही करू नका. तापाची गोळी द्यायची नाही. तापात मेंदूच अंगाचं तापमान वर नेऊन ठेवतो आणि गोळी ती पातळी खाली आणते. उष्माघातात मेंदू आधीच जीव तोडून अंग गार करायला बघत असतो, तिथे गोळीला करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. वर पॅरासिटामॉल कुत्र्याला बाधतं आणि मांजराचा तर थोड्या मात्रेतही जीव घेऊ शकतं.

घरातच धाप लागते, कूलर असूनही

तक्रारींमधला सगळ्यात मोठा ढीग याच गटातला, म्हणून इथे जरा थांबू.

कूलर हवेत पाणी सोडून ती गार करतो. खोलीचं दार-खिडक्या बंद असतील तर ते पाणी खोलीतच साठत जातं. पहिला अर्धा-पाऊण तास मस्त वाटतं, मग हवा जड व्हायला लागते. आपण पंख्याखाली सरकतो. कुत्र्याच्या जिभेवरचं पाणी मात्र आधीच ओल्या असलेल्या हवेत उडेनासं होतं. तो आणखी जोरात धापतो, आणि धापणं हेही स्नायूंचंच काम, त्यातून आणखी उष्णता. मालक बघतो, कुत्रा जास्त धापतोय, म्हणून कूलरचा पंप जोरात करतो. हे चक्र असं फिरत राहतं.

करायचं ते उलटं. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडा, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. एक्झॉस्ट फॅन असेल तर तो चालू करा. बाहेरच हवा दमट असेल त्या दिवशी पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. आठ-दहा मिनिटांत धाप कमी झाली तर दुखणं सापडलं. एक साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही. एसी असेल तर प्रश्न बराच सुटतो, कारण तो हवेतलं पाणीही काढतो. २५-२६ अंशांवर बहुतेक कुत्री निवांत पडतात, १८ वर नेऊन खोलीचा डीप फ्रीझर करायची गरज नाही.

पंख्याचंही असंच. वारा आपल्या अंगावरचा घाम उडवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. कोरड्या केसाळ कुत्र्यावर पंखा सोडला तर उडवायला काही नाही. खोलीतली हवाच चाळिशीपार असेल, म्हणजे त्याच्या अंगापेक्षा गरम, तर पंखा त्याच्यावर उष्णता फेकतो. उपाय सोपा आहे: पंजे, पोट आणि जांघा ओल्या फडक्याने पुसून मग पंखा. पाठीवर पाणी मारायच्या फंदात पडू नका, तिथले दाट केस ते कातडीपर्यंत जाऊच देत नाहीत.

आता फरशी. दुपारी कुत्र्याकडे थोडा वेळ नुसतं बघत बसा. तो पोट टेकवून, मागचे पाय ताणून पसरतो. दहा-पंधरा मिनिटांनी उठतो, दोन हात पलीकडे जाऊन पुन्हा पसरतो. घरच्यांना वाटतं, हा अस्वस्थ आहे. तो जिथून उठला तिथे हात ठेवून बघा: फरशी कोमट झालेली असते. तेवढ्या तुकड्याने घ्यायची तेवढी उष्णता घेतली, आता त्याला नवा तुकडा हवा. म्हणजे त्याला सरकायला जागा पाहिजे. पट्ट्याने एका कोपऱ्यात बांधलेला, पिंजऱ्यात ठेवलेला किंवा मऊ गादीवर झोपायची सक्ती केलेला कुत्रा इथेच अडतो. जेलच्या कूलिंग मॅटबद्दल ‘पहिला दिवस चांगली चालली’ असं लोक म्हणतात ते यामुळेच. तीही काही वेळाने तापते आणि मोकळी राहिली तरच पुन्हा गार होते. दोन मॅट आलटून पालटून वापरा, आणि कुत्रा कुरतडणारा असेल तर आणूच नका.

वीज गेली की यातलं बरंच कोलमडतं. त्यासाठी फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. फडक्यात गुंडाळून जवळ ठेवल्या की तो हवं तेव्हा टेकतो, नको तेव्हा सरकतो. न्हाणीघराची ओली फरशी ही तर हक्काची जागा, फक्त फिनेल आणि ब्लीचच्या बाटल्या वर उचला.

फिरून आल्यावर तासभर धाप उतरत नाही

गाडीत कुत्रा कोंडू नये हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, त्यातली ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासात, आणि काच थोडी खाली ठेवून काही फरक पडला नाही. पण उष्माघाताचं मोठं कारण गाडी नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासणाऱ्या ‘व्हेटकंपास’च्या २०२० मधल्या अभ्यासात, ज्या केसेसचं कारण कळलं होतं त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांना तो चालण्या-धावण्या-खेळण्यातून झाला होता. गाडीचा वाटा जेमतेम पाच टक्के होता.

म्हणजे ‘त्याला पळायला आवडतं, दमला की थांबेल’ हे गृहीतच धरू नका. चेंडूवेडी कुत्री थांबत नाहीत. चेंडू तुम्ही खिशात घालायचा.

वेळेचाही घोळ असतो. ऊन उतरलं म्हणून लोक संध्याकाळी सहाला निघतात, तेव्हा रस्ता दिवसभराची उष्णता सोडत असतो आणि कुत्र्याचं पोट त्या रस्त्यापासून वीतभर उंचीवर. हवा २५ अंश असतानाही भर उन्हातलं डांबर पन्नाशीच्या पुढे जातं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर परत फिरा. पहाटेची, उजाडायच्या आतली फेरी सगळ्यात बरी. शी-शूसाठी दुपारी न्यावंच लागलं तर सावलीतल्या मातीवर पाच मिनिटं आणि घरी. एखादी फेरी चुकली म्हणून कुत्र्याचं काही बिघडत नाही. घरात वास शोधायचे खेळ दिले की डोकं दमतं आणि तो झोपतो.

हंगामाच्या सुरुवातीचे गरम दिवस जास्त वाईट, कारण शरीराला उकाड्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू, पेकिंगीज यांच्या बाबतीत तर माझं मत सरळ आहे: उन्हाळ्यात यांना व्यायाम घडवायचाच नाही. नाकाची वाटच आखूड, तर वाफ उडणार कुठून? वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा. चरबीचा थर अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही.

रात्री धापतो

दोन शक्यता. पहिली, घरच तापलेलं आहे. छत आणि पश्चिमेची भिंत दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन रात्री आत सोडतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर दहा-अकराला दुपारपेक्षा जास्त उकडतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या खिडक्या उघडायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायच्या. काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा काचेबाहेरची सावली कितीतरी जास्त कामाची. कुत्र्याचं अंथरूण भिंतीपासून लांब ओढा.

दुसरी शक्यता लोक विसरतात: याचा उकाड्याशी संबंधच नाही. त्यासाठी झोपेतला श्वास मोजा. गाढ झोपलेला असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते घड्याळ लावून बघा. निरोगी मोठ्या कुत्र्यात ते ३० च्या खाली असतं. गार खोलीतही सलग काही रात्री ३० च्या वर असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा त्रास असू शकतो. म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचं भुंकणं घोगरं झालंय आणि श्वास घेताना घरघर येतेय, तर स्वरयंत्राचा लकवा आहे का ते बघायला हवं. त्यात श्वासाची वाटच पूर्ण उघडत नाही आणि उन्हाळ्यात त्याचा एकदम भडका उडतो. खूप पाणी पितो, खूप शू करतो, पोट लोंबतंय, अंगावरचे केस विरळ होताहेत, हा कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार, असू शकतो. सांधे दुखत असले तरी कुत्री धापतात, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही. अशा कुत्र्याला कितीही मोठा कूलर आणलात तरी फरक पडणार नाही.

सगळे केस काढून टाकू का?

हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांचे नाही. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊन अडवतो, आतली लव गळून हवा खेळायला हवी. ती गळलेली लव तिथेच अडकून राहते, हा खरा त्रास. रोज ब्रश करून ती काढा. वस्तरा फिरवला तर कातडी भाजते आणि कधीकधी केस पूर्वीसारखे येतही नाहीत. पोटावरचे केस आखूड करायला हरकत नाही, फरशी नीट लागते.

मांजर

मांजर तोंड उघडून धापतंय, हे कुत्र्याच्या धापण्यासारखं घेऊ नका. जोरात खेळून झाल्यावर क्षणभर असेल तर ठीक, बसल्याजागी असेल तर लगेच दवाखाना. मांजर अंग चाटून लाळेच्या वाफेवर गार होतं, म्हणून उन्हाळ्यात ते जास्त चाटताना दिसतं. ओल्या हाताने पाठ-कान पुसलेत तर त्याचं काम हलकं होतं. पर्शियनचं नाक पगसारखंच आखूड, तिथे जास्त लक्ष.

पाणी न पिणं ही मांजरांची नेहमीची रड. मिशा कडेला लागणार नाहीत असं पसरट भांडं, ते जेवणापासून आणि लिटर ट्रेपासून लांब, आणि असं घरात तीन-चार ठिकाणी. एवढं केलं तरी बरंच सुटतं. जेवणातच पाणी मिसळलं तर आणखी चांगलं. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलाय. सकाळपर्यंत थांबायचं नाही. उकाड्याने जेवण थोडं कमी होणं चालतं, पण जाड मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं.

आणि जाळी. उन्हाळ्यात हवेसाठी खिडक्या सताड उघडल्या जातात आणि मांजरं वरच्या मजल्यांवरून पडतात. खिडकी उघडण्याआधी जाळी पक्की आहे का ते हाताने ढकलून बघा.

बाकीचे

ससा आणि गिनी पिग २८-३० अंशांच्या पुढे संकटात येतात. घाम नाही, धापणं जमत नाही, सशाची उष्णता बरीचशी कानांतून जाते. कान ओल्या बोटांनी पुसा, गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवा. अख्खा ससा पाण्यात बुडवू नका, घाबरून त्याचं काहीही होऊ शकतं. शेपटीखालची जागा रोज तपासा, तिथे घाण चिकटली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात.

पक्षी चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून बसला की त्याला उकडतंय. पिंजरा खिडकीतून काढा, बारीक फवारा मारा, उथळ ताटलीत पाणी द्या. कूलरचा झोत सरळ पिंजऱ्यावर नको.

माशांचं गणित वेगळं: पाणी तापलं की त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. त्याच वेळी माशांची गरज मात्र वाढलेली असते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताहेत म्हणजे पाण्यात हवा कमी पडतेय. बरीच झाडं असलेल्या टाकीत हे पहाटे दिसतं, कारण रात्रभर झाडंही ऑक्सिजन वापरतात. एअर पंप रात्रभर चालू ठेवा, झाकण काढून जाळी लावा, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दिवे कमी वेळ लावा, खाणं अर्ध्यावर आणा. बर्फाचे खडे टाकून तापमान एकदम पाडलं तर मासे त्यानेच मरतात. काही तासांत एखाद-दोन अंश उतरलं तरी पुरे. पंख्याने पाणी भराभर उडतं, ते भरताना क्लोरीन काढलेलं पाणी वापरा.